शेजारची मोकळी जागा

सणसवाडीला शिरूरच्या एसटीत चढणारा तो माणूस लोखंड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून गंज काढायच्या कामाला होता. त्या वाफेनं त्याच्या डब्याची कडी मात्र पार गंजली होती, आणि कपड्यांना इतका झोंबरा वास यायचा की त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.

एकदा नाइलाजानं मी बसलो. बायकोसाठी घेतलेला गजरा त्यानं माझ्यापुढं धरला. "ह्याला वास हाय का बघा. मला आता वासच कळंना झालाय."

"आहे की," मी म्हणालो.

तो खुलला. "ह्या गाडीची माणसं लय भली. दमून येतो म्हणून रोज माझ्या शेजारची जागा मोकळी सोडत्यात."

उद्यापासून त्याच्या शेजारी बसावं, की त्याचा समज तसाच राहू द्यावा? माझं ठरेपर्यंत तो यायचा बंद झाला.