जाऊन या, मग परत बघू

त्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या बाईंना सगळे ‘डबलवाल्या’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. बाई बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. भरल्या लघवीने पोट तपासून झालं की त्या प्रत्येकीला मोकळं होऊन यायला लावायच्या आणि पोटावर पुन्हा प्रोब, म्हणजे तपासणीचं ते हातातलं यंत्र, फिरवायच्या. बाहेरची रांग वैतागायची, मोठे डॉक्टर घड्याळ बघायचे. बाई ढिम्म.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आठ महिने ओटीपोट दुखत होतं. शिवणाच्या कारखान्यात दर अर्ध्या तासाला लघवीला मशीनवरून उठायचे, म्हणून सुपरवायझर बाई टोमणे मारायची. दोन ठिकाणी सोनोग्राफी झाली, दोन्हीकडे ‘नॉर्मल’. नवरा म्हणाला, “तुझ्या मनातच आहे सगळं.” सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “आणखी एकदा दाखवू, मी येते सोबत.” खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं की मी उगाच नाटक करतेय.

पोटावर गार जेल, पडद्यावर मोठा काळा फुगा. “लघवी चांगली भरलीये,” मी शहाणपणा केला. तोवर सगळं पाठ झालं होतं.

“जाऊन या, मग परत बघू,” बाई म्हणाल्या.

परत आले. बाईंनी प्रोब टेकवला आणि हात थांबला. काळा फुगा जागच्या जागी.

“नीट मोकळ्या झालात ना?”

“अहो, थेंब उरला नाही!”

त्यांनी चष्मा चढवला. मग फुग्याखालची एक चपटी, रिकामी पिशवी बोटाने दाखवली. “ही तुमची लघवीची पिशवी. आणि वरची ही अंडाशयातली पाण्याची गाठ आहे, नारळाएवढी. आतापर्यंत सगळे हिलाच लघवीची पिशवी समजले.” मग म्हणाल्या, “त्यांच्यावर रागावू नका. पंधरा वर्षांपूर्वी मीही एकीला नॉर्मल लिहून दिलं होतं. तिच्या गाठीला पीळ पडला, अंडाशय काढावं लागलं. तेव्हापासून कोणालाच एका फेरीत सोडत नाही.”

मी मात्र रागावले, चांगलीच रागावले. आणि त्याच वेळी हसूही येत होतं. आठ महिने मी खरं बोलत होते!

मोठ्या डॉक्टरांनी येऊन स्वतः प्रोब फिरवला. मग म्हणाले, “बाई, शाब्बास. गाठ साधी दिसतेय. तेवढी काढू, अंडाशय वाचेल.” तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं आणि अगदी तसंच झालं.

पण तपासणीच्या त्या दिवशी बाईंनी सासूबाईंना आत बोलावलं आणि त्यांना नीट दिसावं म्हणून हात हलू न देता प्रोब धरून ठेवला. सासूबाईंनी तिथूनच लेकाला फोन लावला.

“ऐकतोयस का? हिचं दुखणं खरं आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघतेय.”

पोटावरचं जेलही पुसलेलं नव्हतं. मी तशीच पडल्या पडल्या ढसाढसा रडले, आणि आठ महिन्यांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.