मुजुमदार सरांच्या गच्चीवरचा ढग

गच्चीवर डिश असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच जिना चढून वर येतात! आमच्या देवासच्या मुजुमदार सरांच्या गच्चीवर कैक वर्षं हेच चाललं. सर कॉलेजात आम्हाला फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला. तारे जन्मतात अशा एका ढगात मिथेनॉल नावाचं अल्कोहोल आहे, त्याचे रेणू रेडिओलहरी सोडतात, त्या आपल्या गच्चीवर पकडायच्या. कम्प्युटरवरच्या सपाट रेषेत टेकाड दिसलं की जिंकलो! घर विकून मुलाकडे पुण्याला जायच्या आधी ते एकदा दिसावं, एवढंच त्यांचं मागणं. आता ते पुण्याला गेलेत आणि मला रविवार खायला उठतो.

*

डिश धारच्या राजूची. केबलचा धंदा बसला तेव्हा त्याने ती सरांना देऊन टाकली. पिकअपमध्ये उताणी ठेवून आम्ही निघालो, तर इंदूर बायपासपासून दोन मोटरसायकली मागे लागल्या, त्या थेट सरांच्या दारापर्यंत. डिश उतरवताना त्यातल्या एकाने विचारलं, "भिया, भंडारा कित्ते बजे से है?" त्यांना ती कढई वाटली होती! एवढ्या लांब आले बिचारे म्हणून काकूंनी त्यांना पोहे खाऊ घातले.

*

गावातल्या सगळ्या डिश दक्षिणेकडे बघतात. आमची बघायची उत्तरेला, तो ढग आहे त्या शर्मिष्ठा तारकासमूहाकडे. राजूने विचारलं, "सर, उधर कौनसा चॅनल आता है?"

"तिकडे अल्कोहोल आहे. समुद्र भरतील इतकं!"

"पिण्याचं?"

"प्यायलास तर आंधळा होशील."

राजूचा चेहराच पडला. "मग भगवान ने इतना बनाया कायके लिए?"



*

एकदा टेकाड दिसायला लागलं! रोज दुपारी चारला, चोख. सरांनी पेढे वाटले. मग शेजारच्या पुराणिक वहिनी माहेरी धामनोदला गेल्या, आणि टेकाडही गेलं! वहिनी परतल्या, टेकाड हजर. चारला त्यांची सीरियल लागायची, आणि टीव्हीच्या नव्या डब्याचा सिग्नल आमच्या वायरीत घुसायचा. सरांनी जिन्यातूनच हाक मारली, "वहिनी, परत माहेरी कधी जाणार?" वहिनींनी धाडकन दार लावून घेतलं.

*

एका मे महिन्यात काकूंनी डिश आडवी केली, धुतली आणि तिच्यात साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, महिनाभर जमवलेला नेम घालवलास!"

"अहो, तुमच्या ढगातून इतक्या वर्षांत काही आलं का? माझ्या पापड्या एका दुपारीत वाळल्या!"

सरांनी एक पापडी तोंडात टाकली.

*

घर विकलं गेलं. डिश उतरवायची त्या सकाळी सर म्हणाले, "शेवटचं बघू." बराच वेळ रेषा सपाट. सरांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी खाली चहा टाकायला गेले आणि परत आले, तर रेषेवर हे एवढं टेकाड!

सर हसले नाहीत. म्हणाले, "डिश जरा बाजूला वळवा, रिकाम्या आकाशाकडे." सिग्नल ढगाचा असेल, तर डिश हलल्यावर तो जायला हवा. वळवली. टेकाड तिथेच!

राजूने मान खाली घातली. पाण्याच्या टाकीमागे त्याने सिग्नल सोडणारं एक जुनं यंत्र लावून ठेवलं होतं. "सर, जाने से पहले आपको एक बार दिखना चाहिए था, बस."

सरांनी त्याच्या पाठीत एक हलका धपाटा घातला. "वेडा रे वेडा! काढ तो प्लग."

टेकाड गेलं. सरांनी स्वतःच्या हाताने डिश पुन्हा ढगाकडे वळवली आणि खुर्चीत बसले. सिग्नल साठायला वेळ लागतो. चहा संपला, उन्हं वर आली, काकूंनी खालून दोनदा हाक मारली. कुणी उठलं नाही. मग रेषेच्या मधोमध काहीतरी वर यायला लागलं. बारीकसं, पण टेकाडच.

सर ताडकन उठले. "राजू! पुरे झालं आता! बंद कर म्हटलं ना!"

राजू टाकीला टेकून उभा होता. त्याने वायर धरलेला हात वर केला. "सर, माँ कसम, प्लग तो ये रहा!"