गिरणी सोडलेल्या सरूआक्का

सरूआक्का बोलण्याआधी शिंकायच्या. दवाखान्यात आल्या की पाच, सहा, सात, मग पदराने नाक पुसून म्हणायच्या, "हां, आता इचारा."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी राजुरीत दवाखाना टाकला, तेव्हा त्यांची पिठाची गिरणी मागच्याच गल्लीत होती. नवरा गेल्यापासून पट्टा चढवण्यापासून सगळं त्या एकट्याच करत. भुवयांवर कायम पीठ. पहिल्या भेटीत मी लहानपणाबद्दल विचारलं. "येडगावला माहेरी व्हते तवा कोपराच्या बेचक्यात लई खाजायचं. बाजरी फुलोऱ्यात आली की डोळं लाल. आमच्या घरात समद्यांचंच असं."

म्हणजे अ‍ॅलर्जीचा कल रक्तातच होता. मी गोळी दिली आणि म्हणालो, "काही नाही आक्का, नुसती अ‍ॅलर्जी आहे."

हे वाक्य मी त्यांना सात-आठ वर्षं ऐकवलं. शिंकांच्या जोडीला खोकला आला, मग छातीत शिट्टी वाजू लागली. मी पंप लिहून दिला. तो त्या दम लागला तरच ओढायच्या. "रोज कशाला? सवय लागंल. आन् दळणाला आलेल्या बाया काय म्हणतील?" मी चिडायचो. त्या निमूट ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पांढऱ्या धुरळ्यात उभ्या.

मग पुण्याला डॉक्टरांच्या एका शिबिरात मी नीट ऐकलं, की श्वासनळीला वर्षानुवर्षं सूज येत राहिली तर तिची भिंतच जाड होते आणि तो बदल सहसा मागे फिरत नाही. परत आल्यावर आक्कांना सांगितलं, "हाताला घट्टा पडतो ना, तसं."

त्यांनी तळवा पुढे केला. "घट्टा पडला की हात दुखत न्हाई. मंग बरंच की!"

"आक्का, घट्टा नळीच्या भिंतीला पडतो. आतली वाट अरुंद होते."

त्यांनी तळवा मागे घेतला. "हे तुमी आधी का न्हाई सांगितलं?" मी पंप रोज दोन वेळा ओढायला बजावलं. "गिरणी सोडली तर बरी व्हईन?"

"हो," मी म्हणालो. एवढं ठाम बोलायला नको होतं.

त्यांनी गिरणी सुनेवर सोपवली. महिन्याभरात शिंका थांबल्या, डोळे स्वच्छ झाले. दम मात्र जागचा हलला नाही. वर्षभर रोज दोन वेळा पंप ओढूनही जिना चढता येईना. एक दिवस भर दवाखान्यात त्या भडकल्या. "पीठ सुटलं, शिंका सुटल्या. मंग ह्यो दम का सुटंना?"

"शिंकणाऱ्या सगळ्यांच्याच नळ्या अशा होत नाहीत, आक्का. तुमच्याच का झाल्या, मला नक्की सांगता येत नाही."

"मंग तुमाला येतंय तरी काय, राव?"

बाकावरचे पेशंट हसले. मला हसू आलं नाही.

दोन वर्षांनी त्या सुनेला, सुनंदाला, मनगट धरून घेऊन आल्या. सुनंदा आक्कांच्या येडगावच्या भावाचीच मुलगी, म्हणजे त्याच रक्ताची. "आत्या, मला नुसत्या शिंका येतात," ती कुरकुरत होती.

"मलाबी नुसत्या शिंकाच व्हत्या." आक्का माझ्याकडे वळल्या. "मला जे आठ वर्षांनी सांगितलं, ते हिला आजच सांगा."

मी सांगत होतो तेवढा वेळ त्या उभ्याच राहिल्या, भिंतीला टेकून, धापा टाकत. आठवड्याभरात त्यांनी गिरणी विकली. मुलगा रागावला नाही का, असं मी विचारलं. "रागावला. रागावू दे." सुनंदा गावच्या डेअरीवर कामाला लागली. तिची छाती साफ राहिली.

आक्का पुढे एका हिवाळ्यात न्यूमोनियाने गेल्या. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. दोन शब्दांमागे एक श्वास लागत होता.

"आक्का, माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं... व्हय. माझंबी चुकलं." मग थांबून, "सुनंदाची छाती... तपासली का ह्या म्हयन्यात?"

"नाही अजून."

"मंग माझ्यापाशी... काय बसलाय?"

मी उठलो आणि ओसरीवर सुनंदाला हाक मारली.