उन्हाचे दिवस तिचे

यसूबाई गेल्याचं मला कोपरीच्या मासळीबाजारात कळलं. तिच्या जागेवर सून बसली होती. मी नेहमीसारखा भाव पाडायला लागलो, तशी ती म्हणाली, "शेठ, आज घासाघीस नको. सासू गेली. तेरावं झालं परवा." मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. वाईट वाटायच्या आधी राग आला. मला साधा निरोप नाही. इतकी वर्षं भांडलो, तेवढा तरी हक्क होता माझा...

मी साताऱ्याकडून आलेला माणूस. आधी पाठीवर कोळशाची पोती वाहिली, मग ऐंशीच्या सुमाराला खाडीकाठी स्वतःची वखार टाकली. बेकऱ्या, इस्त्रीवाले, मानपाड्याकडच्या भट्ट्या, सगळीकडे माझा दगडी कोळसा जायचा. वखारीला लागून कोळ्यांचं खळं होतं, म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा. तिथे यसूबाई जवळा पसरायची. ट्रक खाली व्हायला लागला की भुकटी वाऱ्यानं जवळ्यावर जाऊन बसायची. मग दुपारी ती फाटकाशी यायची आणि तळहात पुढे करायची. काळा. मी म्हणायचो, "वाऱ्याला सांग." ती म्हणायची, "वारा माजा नाय, कोलसा तुजा हाय."

एका उन्हाळ्यात तिचा सगळा जवळा काळा पडला आणि व्यापाऱ्यानं परत पाठवला. पावसाळ्यात तिची चूल त्याच्यावरच चालायची. दुसऱ्या दिवशी ती बायका घेऊन माझ्या फाटकात बसली. ट्रक रस्त्यावर अडकले, भट्टीवाल्यांचे निरोपांवर निरोप. माझं डोकं फिरलं. "अगं, कारखान्यांचं पाणी रोज खाडीत येतं, ते दिसत नाही? मीच सापडलो का तुला?"

"त्यांचा दार कंचा ता दाखव, तिथं पन जातंय," ती म्हणाली. "तुजा दार दिसलाय, म्हनून तुज्या दारान बसलंय."

शेवटी भांडण कोळीवाड्याच्या पंचांकडे गेलं. बैठका लांबत गेल्या. सौदा ठरला तो भर पावसाळ्यात, नारळी पुनवेच्या आधी. तीच म्हणाली, "आभालाचं दिस तुजं, उनाचं दिस माजं. उन असंल तवर ट्रक खाली कराचा नाय." बाहेर आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. मला वाटलं, बाई फसली. पंचांसमोर लगेच हो म्हणून मोकळा झालो. भाद्रपद सरला, आभाळ उघडलं, ते मिटेचना. संध्याकाळी हमाल मिळायचे नाहीत, गिऱ्हाइकं तुटत गेली. जन्मभर भाव करण्यात गेला आणि एका कोळणीनं मला पावसात गाठून उन्हाळा विकत घेतला. तो राग अजून गेलेला नाही.

एका हिवाळ्यात सकाळीच ढग दाटले. मी घाईनं ट्रक लावला. अर्धा माल उतरला आणि लख्ख ऊन पडलं. यसूबाई खळ्यावरून उठली आणि हमालांच्या फावड्यांपुढे येऊन उभी राहिली.

"ढग गेला, शेठ."

"अर्धाच राहिलाय. बाजूला हो."

फावडी हवेत थांबली. मी आवाज चढवला. ती हलली नाही.

"तुजा माल खानीतला, संपला का संपला. माजा उन उद्या परत येल," ती म्हणाली. "पन जवला आजचाच हाय. उद्या ह्यो नासंल."

मी शिव्या देत ट्रकवर ताडपत्री टाकायला लावली. ज्याला तो माल द्यायचा होता, त्या भट्टीवाल्यानं त्या दिवसापासून माल दुसरीकडून घेतला.

नव्वदनंतर बेकऱ्या डिझेलवर गेल्या, इस्त्रीवाले विजेवर. वखार बसली. खाडीचं पाणी काळं होत गेलं, तसा जवळाही आटला. खळ्यावर गवत उगवलं. यसूबाई दुसरीकडची मासळी आणून बाजारात विकू लागली. फाटकाशी शेवटची आली तेव्हा तिनं सवयीनं तळहात पुढे केला. "बग, आता साफ हाय." आम्ही दोघंही हसलो नाही.

आता त्या जागेवर मी रेती-खडी विकतो. बाजारातून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारीक खडीचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, खाली करू ना?" मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"संध्याकाळी."

"का? धूळ उडाली तरी शेजारी कोणीच नाही."

"ऊन आहे," मी म्हटलं.