प्रभुभोजनाच्या वेळचा चहा

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा खायचा विधी, आणि त्या वेळी मी मागच्या खोलीत चहा करत असते. असायचे, असं आता म्हणायला हवं. दोन वर्षं ते काम माझ्याकडे होतं आणि मी कुणाला त्याला हात लावू दिला नाही. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, काय ही बाई, सगळ्यांच्या घोटभर चहासाठी स्वतःचं प्रभुभोजन सोडते! मी त्यांच्या हातात कप द्यायचे. चांगुलपणाचा आळ आला तर तो खोडून काढायला फार धैर्य लागतं, आणि माझ्याकडे ते कधीच नव्हतं.

खरी गोष्ट अशी की मी त्या खोलीत लपत होते. माझा नवरा तीन आठवडे इस्पितळात होता. अख्ख्या मंडळीनं त्याच्यासाठी साखळी प्रार्थना धरली, तासातासाची पाळी लावून, पहाटेच्या पाळ्यासुद्धा कुणी चुकवल्या नाहीत. तरी तो गेला. मातीच्या दिवशी एका भल्या माणसानं माझा हात धरून सांगितलं, देवाला चांगली माणसं आपल्याजवळ हवी असतात. त्या माणसाला मी चहा विचारला. खरं तर मला त्याला ढकलून द्यायचं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तो हात काही तोंडाकडे जाईना. मूठ मिटून उठले. तुकडा रुमालात बांधून घरी आणला. टाकायचा कसा आणि ठेवायचा कुठे हे न सुचून तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला, तर दोन दिवसांत त्याला मुंग्या लागल्या. तेव्हाच ठरवलं, ज्याच्यावर आपला एवढा राग आहे त्याच्या ताटावर जेवायला बसायचं नाही. पुढच्या महिन्यापासून चहा माझा झाला.

मग देवळात जायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. सासूबाईंसाठी. आम्ही राहतो कुकटपल्लीत, सातव्या मजल्यावर. शेजारीपाजारी सगळे तेलुगू. भले लोक आहेत, पण त्यांच्याशी सासूबाईंचं बोलणं हसण्यापलीकडे जात नाही. माझ्या मुलाचं मराठी कामापुरतं. आठवड्यातून एकदा मेट्रोनं कोठीला उतरायचं, माझ्या दंडाला धरून जामबागेकडे हळूहळू चालायचं, आणि देवळाच्या पायरीवर मराठी मंडळीतला पहिला ‘सलाम’ ऐकला की या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा आवाज एकदम मोठा होतो. तेवढे दोन तास ती घरची मोठी बाई असते. ते मी तिच्याकडून काढून घेणार नव्हते.

गेल्या वर्षी कमिटीतली बायकांची एकुलती जागा रिकामी झाली, कारण आधीच्या बाई मुलीकडे बंगळुरूला गेल्या. कमिटी म्हणजे पाचजण. देवळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे, छताच्या गळतीपासून पाळकाच्या रजेपर्यंत. आमचे सासरे त्या कमिटीत होते, नंतर माझा नवरा. सासूबाईंच्या हिशेबी कमिटीतली एक खुर्ची आमच्या घरातलीच होती, मध्ये फक्त बाहेर ठेवलेली. सेक्रेटरीभाऊ, म्हणजे नवऱ्याचे जुने मित्र, फॉर्म घेऊन घरी आले तेव्हा मी हिमायतनगरला ऑफिसात होते. सुचवणाऱ्याच्या जागी सासूबाईंनी सही ठोकली.

आमच्याकडे उमेदवाराची सही घेत नाहीत. तीन रविवार व्यासपीठावरून नावं वाचतात. त्यांतल्या पहिल्या रविवारी ज्याचं नाव घेतलं त्यानं जागेवर उभं राहायचं, तीच त्याची संमती. कुणी हरकत घेतली नाही आणि जागा तेवढीच नावं असली की निवडणूक होत नाही. त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटीचे पाचहीजण सगळ्यांच्या आधी कठड्याशी जाऊन प्रभुभोजन घेतात, आणि कमिटी बसते.

मला यातलं काही सांगितलं नव्हतं. व्यासपीठावरून माझं नाव आलं आणि मला वाटलं, चहाबद्दल आभार मानताहेत. सासूबाईंचं कोपर बरगडीत बसलं. “उभी रहा ना गं. कायको लाजतीस?” मी उभी राहिले. आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो. एवढ्या वयाची बाई, कुणी ढोसलं म्हणून उठून उभी राहते!

उपासना संपल्यावर मी सेक्रेटरीभाऊंना गाठलं. त्यांच्या फाइलीतल्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘नियमित प्रभुभोजन घेतात’. त्यात बरोबरची खूण.

“भाऊ, ही खूण कुणी केली?”

“मीच की. का?”

“मी तर त्या वेळी चहाच्या खोलीत असते.”

“हौ, मालूम आहे ना! पाळकसाहेब नंतर आत आणून देत असतील तुम्हाला, आजाऱ्यांना घरी नेऊन देतात तसं.” माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. “वहिनी, जागा एक, नाव एक. भांडण नक्को, इलेक्शन नक्को. तो असता तर किती खूश झाला असता.”

“मला नाव मागे घ्यायचंय.”

“घ्या की. तिसऱ्या रविवारच्या आधी चिठ्ठी द्या, कारण लिहून. मी वाचून दाखवतो.”

कारण वाचून दाखवायचं, ही आमच्या मंडळीची खास रीत. पूर्वी कुणी एकानं न सांगता नाव मागे घेतलं आणि सहा महिने अफवांना ऊत आला. तेव्हापासून माघार घेणाऱ्याचं कारण सगळ्यांसमोर वाचतात, म्हणजे मागून कुणी बोलू नये. मी पंधरा दिवस त्या चिठ्ठीपायी झुरले. ऑफिसचं काम आहे, असं लिहिलं. पण रविवारी माझं ऑफिस बंद असतं हे सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्या भर देवळात तसं म्हणाल्याही असत्या. तब्येतीचं कारण लिहिलं आणि लगेच फाडलं, कारण आजारी आहे म्हटलं असतं तर माझ्यासाठी साखळी प्रार्थना सुरू झाली असती. तासातासाची पाळी लावून! मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता खरं तेच लिहिलं. एकच ओळ होती: मला देवाचा राग आला आहे आणि मी दोन वर्षं त्याच्या मेजाशी बसलेली नाही.

ती चिठ्ठी घेऊन मी तिसऱ्या रविवारी गेले. घडी करून मुठीत धरली होती. सेक्रेटरीभाऊंनी नावं वाचायच्या आधी माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावून, काही आहे का म्हणून. शेजारी सासूबाई माझ्या नवऱ्यानं घेतलेली निळी साडी नेसून बसल्या होत्या. ती साडी तो गेल्यापासून त्यांनी बाहेर काढली नव्हती. मी मान हलवली. नाही. काही नाही.

भाऊंनी हरकत विचारली. मंडळी आमेन म्हणाली. आमेन इतक्या मोठ्यानं म्हणतात आमचे लोक, की पळायला फट राहत नाही.

त्याच आठवड्यात चहाचं काम माझ्याकडून गेलं. कमिटीची बाई स्टोव्हपुढे उभी राहिलेली बरी दिसत नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. ते काम एका तिशीतल्या मुलीनं मागून घेतलं. ती वर्षभरापूर्वीच आमच्याकडे यायला लागली होती, एकटीच यायची, मागच्या बाकावर बसायची. याआधीही तिनं मला दोनदा विचारलं होतं, “अक्का, चहाचं मला द्या ना,” आणि मी दोन्ही वेळा दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी आम्ही पाचजण कठड्याशी गुडघे टेकून बसलो. मागे सगळी मंडळी बघत होती. तळहातावर तुकडा आला. मूठ मिटण्याचा विचार मनात आला, पण दोन्ही बाजूंना माणसं होती, आणि रुमाल पर्समध्ये, पर्स बाकावर. मी तो खाल्ला. कोरडा होता, घशात अडकला. वीज कोसळली नाही आणि शांतीही वाटली नाही. राग होता तिथंच होता. त्यात आता खोटेपणाची भर पडली होती. मागच्या खोलीतून कपबशांचा आवाज आला आणि मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, लेकाच्या आठवणीनं आलं. त्यांनीही डोळे पुसले.

कमिटीच्या पहिल्याच बैठकीत भाऊंनी यादी काढली. प्रभुभोजनाला न येणाऱ्यांची. पुरुषांचं पुरुष बघतील, बायकांचं वहिनी बघतील. माझ्या वाट्याला तीन नावं आली. दोघी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. तिसरं नाव चहावालीचं होतं.

“ती तर आताच चहाला लागलीय,” मी म्हणाले.

“त्याच्या आधीही येत नव्हती. मागच्या बाकावरून उठून बाहेर जायची,” भाऊ म्हणाले. “विचारा ना प्यार से. काय अडचण आहे ते कमिटीला कळलं पाहिजे.”

पुढच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधीचं गीत सुरू झाल्यावर मी उठून मागे गेले. ती स्टोव्हपुढे उभी होती. उस्मानिया बिस्किटं ताटात मांडून झाली होती, कपबशा पुसून ठेवलेल्या होत्या, करायला काहीही उरलं नव्हतं. मला बघून तिनं घाईघाईनं दुधाचं पातेलं उचललं.

“येतेच अक्का मी. एवढा चहा चढवते फक्त, आणि येते.”

हे वाक्य मला पाठ होतं. दोन वर्षं मीच म्हणत होते ते, याच जागी उभी राहून, याच पातेल्याला धरून. तिला काय झालं होतं, कुणी गेलं होतं की कुणी सोडलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

“दुधावर लक्ष ठेव,” मी म्हणाले. “उतू गेलं की सगळे बघायला आत येतात.”

बाहेर गीताचं शेवटचं कडवं चाललं होतं. मी तिच्यामागचं दार ओढून घेतलं आणि पहिल्या बाकावर कमिटीसाठी राखलेल्या माझ्या जागेवर जाऊन बसले.