पेन्सिलीचे मार्क

गफूर सरांच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची, सुताराच्या असते तशी. उभी नोकरी त्यांनी पुसेगावच्या रस्त्यावरल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण पोरांचे मार्क शाईने लिहिताना मी त्यांना वर्षातून एकदाच पाहायचे, बोर्डाला यादी पाठवायच्या दिवशी. एरवी सगळं पेन्सिलीने. मी मराठीची बाई, लाल पेनाशिवाय माझा हात चालत नाही. मी चिडवायचे, "सर, तुमचे मार्क म्हणजे पाण्यावरच्या रेघा." ते हसायचे. "मॅडम, लेकरू अजून शिकून राहिलं ना? मग मी काहून शाई लावू?"

ज्याला आपले मार्क कमी वाटतील त्याने सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत यायचं आणि प्रयोग पुन्हा करून दाखवायचा, असा त्यांचा रिवाज होता. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि एवढंच विचारायचे, "काय दिसलं?" पोरगं पाठ केलेलं घडाघडा बोलायला लागलं की हात वर करायचे. "गाईडात काय झालं ते मी वाचलेलं हाय. तुझ्या नळीत काय झालं ते सांग." आणि पोराने खरं सांगितलं की शाबासकी वगैरे काही नाही. नुसतं "बराबर" म्हणायचे आणि कानावरची पेन्सिल काढायचे. त्या एका शब्दासाठी पोरं घरी न जाता थांबायची.

दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे वीस मार्क शाळेच्या हातात असतात. ते लग्नातल्या अक्षतांसारखे सगळ्यांवर सारखेच पडतात, हे काही गुपित नाही. सर मात्र नऊ द्यायचे, अकरा द्यायचे. एकदा गणपतराव नावाचे एक हळदवाले शेतकरी तावातावाने स्टाफरूममध्ये आले. "सगळीकडं अठरा-एकोणीस देऊन राहिलेत, अन् माह्या पोराला अकराच? काहून?"

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "दादा, तुमी हळद घेऊन हिंगोलीला जाता. व्यापारी पोतं बघूनच भाव लावतो, का हळकुंड मोडून बघतो?"

"मोडूनच बघतो की."

"मंग माजं बी तेच हाय. पोराला सोमवारी पाठवा."

गणपतराव कुरकुरत गेले, पण पोराला पाठवलं. तेव्हापासून त्या माणसाचा गावात दुसऱ्या कुणाच्या मार्कांवर विश्वास उरला नाही. धाकटी लेक अश्विनी दहावीत आली तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, "सरायनं पंधराच्या वर देले तर तुला हिंगोलीला सायन्सला घालतो. न्हाई तर घरी काम लई हाय."

जानेवारीत अश्विनीला नऊ पडले. फरशीच्या तुकड्यांवर आम्ल टाकायचं आणि निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, म्हणजे निवळी दुधाळ होते. तिचं बूच सैल राहिलं, वायू बाहेरच गेला, निवळी होती तशीच राहिली. तिने मात्र वहीत 'दुधाळ झाली' असं लिहिलं. सरांनी ते पाहिलं, नऊ लिहिले आणि म्हणाले, "सोमवारी ये."

त्या रविवारी सरांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. सोमवारी अख्खी शाळा हिंगोलीत त्यांच्या दारात उभी होती. मी आत सरांच्या बायकोजवळ, भाभींजवळ बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मध्येच त्यांनी माझा हात धरला. "मॅडम, आज सोमवार है ना? बच्चे रुके होंगे उनके वास्ते." मग मलाच रडू आवरेना.

विज्ञानाला कुणी उरलं नव्हतं. सरांनी पेन्सिलीने भरलेली मार्कांची यादी माझ्याकडे आली. मुख्याध्यापक मनाने चांगले. ते म्हणाले, "सगळ्यांना अठरा टाका बाई. लेकरांचं भलं होईल, सरांना दुवा मिळेल." मी पेन उघडलंच होतं, तेवढ्यात दारात अश्विनी.

"मॅडम, माजा प्रयोग राहिला."

"अगं, तुला अठरा मिळणार आहेत."

"बाबा इचारतील ना, कोनं देले म्हणून."

मी प्रयोगशाळा उघडली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण स्टुलावर बसले. तिने बूच दोनदा दाबून पाहिलं. नळीतून बुडबुडे आले. आम्ही दोघी डोळे लावून बसलो. निवळी तशीच, स्वच्छ. निवळीच्या बाटलीवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती आणि बाटलीचं झाकण नुसतंच वर ठेवलेलं होतं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

दुधाळ म्हणाली असती तर मी मान डोलावली असती, हे तिलाही ठाऊक होतं. "काहीच न्हाई, मॅडम. बुडबुडे आले, पन पानी तसंच हाय."

मी पेनाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "शाई नका लावू. सरायची निवळी जुनी झाली, हवा लागली तिला. मी चुना आनते, नवी करते."

दुसऱ्या दिवशी ती पानटपरीवरून चुना आणून रात्रभर निवळत ठेवलेली निवळी घेऊन आली. या वेळी ती बघता बघता पांढरी झाली. "दुधाळ झाली," अश्विनी म्हणाली, आणि नळी हातात धरून तशीच उभी राहिली. ती कशाची वाट पाहतेय ते मला कळत होतं. मी म्हटलं, "बराबर." मग मात्र तिने नळी ठेवली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

मी नऊ खोडून शाईने सतरा लिहिले. आठवड्याने गणपतराव आले. "मॅडम, सर तर गेले. मंग हे सतरा कोनं देले?" मी यादी त्यांच्यापुढे केली. शाईच्या सतराखाली पेन्सिलीचा नऊ पुसट दिसत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हा सरायचा हात हाय," ते म्हणाले. "मोडून बघितलेलं दिसतंय. जाऊ द्या पोरीला हिंगोलीला."