कपाटातला जॉब

आमच्या शाळेत रोबोट आला तो खोक्यातून. बारा खोकी. प्रत्येकात चाकं, मोटार, रंगीत वायरी आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकात जातो त्याच्या चित्रांचं पुस्तक. आठवीच्या पोरांनी चित्रं बघत तासाभरात गाडी जोडली, ती भिंतीवर जाऊन आदळली, आणि कंपनीच्या टायवाल्या माणसाने सगळ्यांना 'बाल अभियंता' म्हणून प्रमाणपत्रं वाटली. मी मागे उभा राहून बघत होतो. डोक्यात तिडीक गेली. उद्या पुस्तक हरवलं तर ह्यातला एक अभियंता तरी साधं बिजागर बसवू शकेल का?

मी त्या शाळेत नववी-दहावीला टेक्निकल शिकवायचो. त्याआधी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो. आमचं खातं बंद पडलं, तेव्हा घाटकोपरच्या ह्या शाळेने मला घेतलं. वर्कशॉप म्हणजे एक लांब खोली, दोन बाजूंना बाकं, बाकांवर लोखंड आवळून धरायचे शेगडे, भिंतीवर कानशी. पोरांच्या हाताला फोड आले की मी खूश व्हायचो. फोडाशिवाय इंजिनीअर होत नाही, असं माझं मत होतं आणि ते मी कोणीही न विचारता सांगायचो.

रोबोटच्या ह्या नव्या लॅबच्या उद्‌घाटनानंतर मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, खोकी ठेवायला जागा नाही हो. तुमचं वर्कशॉप मोठं आहे. पालकही लॅबचंच विचारतात."

"मग माझी पोरं कुठे जाणार?"

"किती उरलीत? नऊ ना? यंदा त्यांचा रिझल्ट कसा लागतो बघू, मग ठरवू."

हसत बोलल्या त्या. मला ते हसू विषासारखं लागलं. ज्या बाईंना कानस आणि करवत यातला फरक माहीत नाही, त्या माझ्या वर्कशॉपचं ठरवणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या ह्या अशा.

त्या नऊ जणांत एकच मुलगी होती. हट्टी, तोंडाने फटकळ. दहावीला वर्षभराचा जॉब असतो, म्हणजे परीक्षेसाठी हाताने घडवायची वस्तू, टी-फिटिंग. लोखंडाच्या एका तुकड्याला इंग्रजी टीचा आकार काढायचा, दुसऱ्यात तशीच खाच, आणि कानस मारत मारत एकात एक असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. पोरं वैतागून एक तरी कडा माझ्याकडून मारून घेतात. हिने मला हात लावू दिला नाही. "तुम्ही नका हां सर, मी करते," म्हणायची. तीन महिने घासत होती. एका कोपऱ्यात तिची कानस जास्त चालली आणि नखाएवढी फट राहिली. लोखंड घासून कमी होतं, परत वाढत नाही. तिने ती फट बघितली, मग उरलेल्या तीन कडा इतक्या साफ केल्या की मीही केल्या नसत्या.

आता ह्या विषयातलं एक गुपित सांगतो. प्रत्येक टेक्निकलच्या मास्तराकडे एक कपाट असतं. त्यात मागच्या वर्षांचे चांगले जॉब ठेवलेले असतात. परीक्षेच्या आधी त्यांच्यावरचा जुना नंबर घासून काढायचा, कच्च्या पोराचा नंबर पंचने ठोकायचा, पॉलिश पेपर मारायचा, तेल लावायचं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे माहीत असतं, कारण त्यांच्याही शाळेत कपाट असतं. मी दर वर्षी एक-दोघांसाठी कपाट उघडायचो. त्या वर्षी पाच जणांसाठी उघडलं, त्यात तीही. ती पास होणारच होती, पण मला नुसती पास नको होती. बाईंच्या तोंडावर फेकायला रिझल्ट हवा होता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिच्या नंबरचा जॉब खिडकीकडे धरला. कुठूनही उजेड नाही.

"वा! कोणी केला हा?"

मी तिच्याकडे बोट दाखवलं. ती पुढे आली, जॉब हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "हा माझा नाही."

परीक्षक माझ्याकडे बघून हसले. बाकीची पोरं खाली बघायला लागली.

"तुझाच आहे. नंबर बघ," मी म्हणालो.

"नंबर माझा आहे, सर. जॉब नाही. माझ्याला कोपऱ्यात फट आहे."

"सांगितलं ना, तुझाच आहे! गप्प जागेवर जा."

ओरडलोच मी. परीक्षकांनी पैकीच्या पैकी मार्क लिहिले आणि चहा मागवला. पोरीला अक्कल नाही, तिच्याच भल्याचं करतोय तर ही मला तोंडघशी पाडते, असं मी दिवसभर मनात घोकत होतो.

रिझल्ट शंभर टक्के लागला. बाईंनी पेढे वाटले, अभिनंदन केलं आणि जूनमध्ये वर्कशॉप रिकामं करायला सांगितलं. ते त्यांनी खोकी मागवली तेव्हाच ठरलं होतं. मला कळायला वर्ष लागलं.

शेगडे टेम्पोत चढत होते त्या दिवशी ती दाखला न्यायला आली होती. दारात उभी राहिली.

"सर, माझा जॉब द्या ना. पप्पा अंधेरीला कारखान्यात लेथवर आहेत. त्यांना बोलले होते, कोपऱ्यात फट पडलीये, रिझल्ट लागला की आणून दाखवते."

तिचा जॉब मी परीक्षेच्या आदल्या दिवशीच भंगाराच्या डब्यात टाकला होता. तो डबा केव्हाच गेला होता. सांगितलं तिला. मग टेबलावरचा दुसरा, पैकीच्या पैकीवाला, तिच्यापुढे धरला.

"हा ने. फट नाही ह्याला. पप्पा खूश होतील."

तिने तो घेतला, उलटा केला, नंबरावरून बोट फिरवलं.

"पप्पा विचारतील, फट कशी नाही पडली. काय सांगू?"

तिने जॉब परत माझ्या हातात ठेवला आणि ती गेली. मला माझी लाज वाटली, भयंकर वाटली, आणि ती कुठे न्यावी ते कळेना म्हणून मी टेम्पोवाल्यावर ओरडायला लागलो.